पर्जन्यमापक आधी, पोस्टर नंतर

पोरी, तुझी शाळेतल्या नेमणुकीची ऑर्डर आली हे ऐकून फार बरं वाटलं. जूनच्या मध्यावर शाळा भरेल, वेळापत्रक हातात पडेल आणि विज्ञानाच्या तासिकांच्या जोडीला नववी-दहावीची जलसुरक्षाही तुझ्याच नावावर लिहिलेली असेल. नव्या बाईंकडे हा विषय द्यायचा, अशी बहुतेक शाळांची रीत आहे. तू तो मनापासून घे. लातूर-धाराशिवकडची लेकरं तुझ्यापुढे बसणार आहेत. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा ही मुलं अंगणवाडीच्या वयाची होती. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्याखाली गेलं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना हवामानबदल समजावायला ध्रुवावरच्या अस्वलाचं चित्र लागत नाही. आपल्या गावात जे घडतंय ते मोजायचं, लिहून ठेवायचं आणि त्याची कारणं वेगवेगळी करून बघायची, हे त्यांना आलं पाहिजे. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

पहिलं काम पर्जन्यमापकाचं. ते जूनमध्ये सुरू करायचं म्हणशील तर उशीर होईल. मृग निघतो सात-आठ जूनला आणि शाळा भरते त्यानंतर. म्हणून एप्रिलच्या शेवटी, निकालाच्या आधी, शाळेजवळ राहणारी तीन-चार मुलं हेरून ठेव. एक लिटरची, सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घे. वरचा निमुळता भाग कापून उलटा करून तिच्यातच बसव, म्हणजे गाळणी झाली. बाटलीचा तळ उंचसखल असतो, त्यामुळे तळापासून मोजलंस तर आकडा चुकतो. तळाशी खडे टाक, ते बुडून वर सपाट अंग सुरू होईल इतकं पाणी भर आणि तिथे कायमस्वरूपी शाईने शून्याची रेघ मार. त्या रेघेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटव. बाटली वाऱ्याने पडू नये म्हणून चार विटांच्या मधे बसव. जागा मोकळी हवी. भिंत किंवा झाड जेवढं उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ती ठेव, नाहीतर तू पावसाऐवजी पन्हाळीचं पाणी मोजशील.

मापन रोज सकाळी साडेआठला घ्यायचं. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठपर्यंतचाच धरतो, म्हणून आपलीही वेळ तीच. मग मुलांचा आकडा सरकारी आकड्याशेजारी मांडता येतो. आकडा लिहिल्यावर पाणी ओतून पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत भरायचं. पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहायचं. ही शून्यं फार महत्त्वाची आहेत, ती का ते पुढे सांगते. रविवार आणि गणपती-दिवाळीची सुट्टी कोण सांभाळणार हे आधी ठरव. जवळच्या वस्तीवरच्या मुलीला ते काम दे. हजेरीला मागे राहणारी लेकरं हे काम किती नेटाने करतात ते बघशीलच.

आता हा आकडा वहीत ठेवून उपयोग नाही. तो परिपाठात आण. सुविचार होतो, दिनविशेष होतो, बातम्या होतात. त्यांच्या जोडीला ‘आजचा पाऊस’ सांगायला पाचवीपासूनच्या मुलांना पाळीपाळीने उभं कर. जलसुरक्षेची तासिका दहावीच्या वर्षात गणिताकडे जाते, इंग्रजीकडे जाते. त्यावरून भांडत बसू नकोस. परिपाठातलं एक मिनिट तुझ्याकडून कुणी मागून घेणार नाही, आणि वर्षभर रोज एक मिनिट म्हणजे पुष्कळ शिकवणं झालं.

या आकड्याची गावात किंमत काय, हे मुलांना पहिल्याच महिन्यात कळलं पाहिजे. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानभरपाईचं गणित तिथून सुरू होतं. मंडळाचं स्वयंचलित केंद्र एका गावी असतं आणि ढग फुटतो दुसऱ्या गावी. ‘आमच्याकडं एवढा पडला आणि मंडळात तेवढाच कसा लागला?’ हा प्रश्न तू पारावर दरवर्षी ऐकशील. शाळेच्या बाटलीतला आकडा सरकारी पुरावा होत नाही, हे मुलांना स्पष्ट सांग. पण एकाच दिवशी दोन गावांत पाऊस किती वेगळा पडतो, एका केंद्रावरून सगळ्या मंडळाचा अंदाज बांधण्यात काय अडचण असते आणि नोंदी जास्त ठिकाणी का हव्यात, हे त्या दोन आकड्यांतून त्यांना असं समजतं की पुन्हा विसरत नाहीत. बापाच्या पीकविम्याशी जोडलेला धडा लेकरू कान देऊन ऐकतं.

त्याच आकड्यावरून छपराचं गणित करून घे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं पत्र्याचं छप्पर मुलांनाच टेपने मोजू दे. समजा तीस मीटर बाय दहा मीटर भरलं, तर तीनशे चौरस मीटर झालं. रात्री पन्नास मिलिमीटर पडला तर त्या एका रात्रीत छपरावरून पंधरा हजार लिटर पाणी ओघळून गेलं. उन्हाळ्यात दारात येणारा टँकर दहा-बारा हजार लिटरचा असतो, हे इथल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. हे गणित फळ्यावर सुटलं की वर्गात एक क्षण कुणी बोलत नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, ‘बाई, मग हे पाणी जातंय कुठं?’ तिथून पुढचा महिनाभराचा अभ्यास मुलंच ठरवतात. पन्हाळ कुठे बसवायची, टाकी करायची की बोअरजवळ शोषखड्डा करायचा, पहिल्या पावसाचं घाण पाणी कसं सोडून द्यायचं, हे सगळं त्या एका प्रश्नातून निघतं.

दुसरी नोंद विहिरीची. जिला पक्का कठडा आहे अशीच विहीर निवड, आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय एकाही मुलाला तिथे जाऊ देऊ नकोस. दोरीला वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं, महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, आणि शक्यतो पंप सुरू व्हायच्या आधी सकाळी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी अशीच वर्षातून चार वेळा घेते. आपल्या तालुक्यात त्यांची विहीर कुठे आहे ते शोध आणि जमलं तर मुलांना दाखव.

तिसरी नोंद तापमानाची. प्रयोगशाळेतला साधा तापमापक पुरतो. एक पत्र्याच्या वर्गात, एक स्लॅबच्या वर्गात आणि एक लिंबाच्या दाट सावलीत टांग. कुठल्याच तापमापकावर थेट ऊन पडू देऊ नकोस आणि तिन्हीकडे उंची सारखी ठेव. मार्चमध्ये दुपारी दोनला आकडे घ्या. मुख्याध्यापक परवानगी देतील तर एका वर्गाचा पत्रा वरून पांढऱ्या चुन्याने रंगवून आधीचे आणि नंतरचे आकडे मांडा. तापमानवाढीपुढे माणसाने काय करायचं, याचं एक उत्तर त्यांना स्वतःच्या वर्गात बसून मिळतं.

नोंदी सुरू झाल्या की म्हाताऱ्या माणसांकडे वळ. मुलांना आजी-आजोबांच्या मुलाखती घ्यायला पाठव, पण प्रश्न नीट बांधून दे. ‘पूर्वी पाऊस कसा होता?’ असं विचारलं तर ‘पूर्वी लई चांगला होता’ एवढंच उत्तर येतं. माणसाच्या आठवणीला खुंटी लागते, आणि आपल्या भागात खुंट्या पक्क्या आहेत. ‘बहात्तरच्या दुष्काळात आपल्या आडाला पाणी होतं का?’ ‘किल्लारीचा भूकंप झाला त्या १९९३ सालच्या सप्टेंबरात विहीर कुठवर भरली होती?’ ‘२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली तेव्हा रानात काय उभं होतं?’ असं विचारलं की म्हातारी माणसं थांबून आठवतात आणि खरं सांगतात. तरीही आठवण आणि नोंद यांत फरक असतो हे मुलांना दाखवून दे. आजोबा म्हणतील, आमच्या वेळी मृग कधी चुकलाच नाही. जिल्ह्याच्या जुन्या पावसाच्या आकड्यांत तो चुकलेली वर्षंही सापडतील. यात आजोबांना खोटं पाडायचं नाही. त्यांना जी गोष्ट मनापासून जाणवते, तिच्यातला किती भाग आकड्यांत दिसतो, एवढंच बघायचं.

या मुलाखतींतून एक गोष्ट घरोघरी ऐकू येते: बहात्तरला खायला धान्य नव्हतं पण आडाला पाणी होतं, आणि २०१६ ला दुकानात धान्य होतं पण प्यायला पाणी नव्हतं. इथे तू घाई करू नकोस. बऱ्याच ठिकाणी दुष्काळाचा दोष सरळ हवामानबदलावर टाकून धडा संपवतात. तसं केलंस तर ते मुलांना अर्धंच शिकवणं होईल. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं पडलं त्याला लागोपाठची कमी पावसाची वर्षं कारण होती, हे खरं. त्याचबरोबर बहात्तरनंतर विंधन विहिरींची संख्या किती वाढली, त्या किती खोल गेल्या आणि कुठली पिकं वाढली, हेही त्याच फळ्यावर आलं पाहिजे. फळ्याचे दोन भाग कर. एका बाजूला आभाळातून आलेली कारणं लिही, दुसऱ्या बाजूला जमिनीवर माणसांनी घडवलेली. मुलं दुसरी बाजू आधी भरतात, कारण ती त्यांच्या ओळखीची असते.

आणि मग ऊस येणारच. हा धडा फार जपून घ्यायचा आहे. वर्गात अर्ध्या मुलांच्या घरी ऊस असेल, आणि काहींचे आईबाप कारखान्याची उचल घेऊन दिवाळीनंतर तोडीला जाणारे असतील. ‘ऊस वाईट’ हे वाक्य तुझ्या तोंडून कधी जाऊ देऊ नकोस. गणित मांड. उसाला साधारण दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, सोयाबीनला साडेचारशे ते सातशे. आपल्याकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पडतो. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. दोन हजार मिलिमीटर धरले तर एका एकर उसाला सुमारे ऐंशी लाख लिटर लागले, म्हणजे दहा हजार लिटरचे आठशे टँकर. एवढं झालं की लगेच दुसरा प्रश्न विचार: हे ठाऊक असूनही शेतकरी ऊस का लावतो? मग मुलं सांगतात. उसाचा किमान दर सरकार ठरवतं आणि कारखाना ऊस नेतो. सोयाबीनचा भाव काढणीच्या वेळी पडतो. गारपिटीत ऊस तग धरतो. ही उत्तरं खरी आहेत आणि ती फळ्यावर मानाने लिही. त्यानंतर ठिबकने किती पाणी वाचेल, तुरीला आणि ज्वारीला भाव मिळाला तर काय होईल, यावर बोला. हिवरे बाजारचं उदाहरण इथे दे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या त्या गावाने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामं केली, ऊस-केळी लावायचं नाही आणि शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीला काय पेरायचं हे ठरवायची रीत पाडली. तुझ्या वर्गातलं लेकरू घरी जाताना बापासाठी दोषारोप घेऊन जाता कामा नये. त्याने एक हिशेब घेऊन जावा आणि बापाने तो त्याच्यासोबत बसून पुन्हा करावा.

आता विज्ञानाचा गाभा. हरितगृह परिणाम शिकवताना बहुतेक जण काचेच्या घराचं चित्र काढतात. आपल्या मुलांनी हरितगृह पाहिलेलं असतं ते शेडनेटचं, त्यामुळे घोटाळा होतो. तू रात्रीपासून सुरुवात कर. जानेवारीत आभाळ निरभ्र असलं की पहाटे कडाक्याची थंडी पडते, आणि आभाळ भरून आलं की त्याच जानेवारीत रात्री गारठा नसतो. हे प्रत्येक मुलाला माहीत आहे, फक्त त्याने कधी ‘का’ विचारलेलं नाही. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता अवरक्त किरणांनी वर सोडते. ढग ती शोषून घेतात आणि तिच्यातली काही परत खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि हवेतली वाफ हेच काम रात्रंदिवस, न दिसता करतात. गोधडी स्वतः गरम नसते, ती अंगाची ऊब जाऊ देत नाही, एवढं सांगितलं की आठवीच्या मुलालाही कळतं. बाटलीत सोडा आणि व्हिनेगर घालून दिव्याखाली ठेवायचा प्रयोग तुला बऱ्याच ठिकाणी सापडेल. तो करू नकोस. त्यात फरक दिसला तरी तो वायूने किरण शोषल्यामुळेच आला असं सांगता येत नाही, आणि जे सिद्ध होत नाही ते सिद्ध झालं म्हणून दाखवायला मुलांना शिकवू नये.

त्याऐवजी पेट्रोलचा हिशेब कर. हा माझा सगळ्यात आवडता तास. एक लिटर पेट्रोलचं वजन सुमारे पाऊण किलो. ते जळून किती वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघेल, असा अंदाज विचार. मुलं म्हणतात पाव किलो, अर्धा किलो. एखादा हुशार म्हणतो पाऊण किलोच. मग खडू हातात घे. साधारण ७४० ग्रॅम पेट्रोलमध्ये सुमारे ६४० ग्रॅम कार्बन असतो. बारा ग्रॅम कार्बनपासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. ६४० ला ४४ ने गुणून १२ ने भागलं की उत्तर येतं सव्वादोन किलोच्या वर. ‘बाई, पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसं?’ हा गलका झालाच पाहिजे. उत्तर लगेच देऊ नकोस, त्यांना दोन मिनिटं भांडू दे. कुणीतरी म्हणतंच, ‘ऑक्सिजन हवेतून आला!’ अणुवस्तुमान, रासायनिक समीकरण आणि वस्तुमानाची अक्षय्यता हे तीन धडे त्या क्षणी एकत्र येतात. दारात उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या एका लिटरचा हा हिशेब मुलं घरी सांगतात.

मग आलेखाचा कागद वाट. १९५८ पासून हवाईच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड सतत मोजला जातो. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने ते मापन सुरू केलं. फळ्यावर एवढेच आकडे लिही: १९६० ला दशलक्ष भागांत ३१७, १९८० ला ३३९, २००० ला ३७०, २०१० ला ३९०, २०२० ला ४१४, २०२४ ला सुमारे ४२५. कारखानदारी सुरू होण्याआधी तो २८० च्या आसपास होता, ती रेघ खाली आडवी काढायला सांग. १९६० ते १९८० या वीस वर्षांत तो २२ ने वाढला आणि २०१० ते २०२० या दहाच वर्षांत २४ ने. रेषेचा चढ वाढतोय हे त्यांच्या पेन्सिलीला जाणवतं. एका माणसाने रोज एकच गोष्ट मोजत राहण्याचं ठरवलं म्हणून हा आलेख जगाच्या हाती आला, हे नक्की सांग. आपल्या बाटलीजवळ रोज साडेआठला उभी राहणारी मुलगी ते ऐकत असते.

एक गैरसमज तू फळ्यावर लिहून खोडायला हवास, कारण तो चांगल्या शिक्षकांच्याही तोंडी असतो: ओझोनच्या थराला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते. तसं नाही. ओझोनचा थर अतिनील किरण अडवतो. तो विरळ झाला ते मुख्यतः सीएफसीसारख्या रसायनांमुळे. तापमानवाढ मुख्यतः कोळसा, तेल, वायू जाळण्यातून आणि जंगलतोडीतून होते. १६ सप्टेंबरला ओझोन दिन येतो, परिपाठात दिनविशेष सांगतातच, तोच दिवस यासाठी ठेव. त्याच दिवशी हेही सांग की १९८७ साली माँट्रियलला करार झाला, देशांनी ती रसायनं बंद करत आणली, आणि ओझोनचा थर आता हळूहळू सावरतोय. जगाने मिळून ठरवलेली गोष्ट पार पडली, हे उदाहरण मुलांच्या हाती असायला हवं.

समुद्राची पातळी आपल्यापासून लांबची, पण दोन ग्लासांत अर्ध्या तासात समजते. एका ग्लासात बर्फ पाण्यावर तरंगता ठेव. दुसऱ्यात दगड ठेवून त्याचं डोकं पाण्याबाहेर राहू दे आणि बर्फ त्या दगडावर ठेव. दोन्हीकडे पातळीची खूण कर. कुठली पातळी वाढते ते मुलं बघतील.

‘यंदा थंडी जास्त पडली, मग तापमानवाढ कुठं गेली?’ हा प्रश्न कुणीतरी विचारेलच, बहुधा घरी ऐकून. रागावू नकोस, प्रश्न चांगला आहे. एका वर्षावरून हवामान ठरत नाही. त्यासाठी निदान तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी बघतात. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढलं, असं केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. जगाचं म्हणशील तर २०२४ हे वर्ष १८५०-१९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त गरम होतं. ‘दीड अंशाने काय होतं?’ या प्रश्नाला पावसाचं उत्तर दे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं की मध्य भारतात विस्तृत भागावर पडणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० पासून २०१५ पर्यंत तिपटीने वाढल्या. आता ती शून्यं काढ. हवामान विभाग अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरतो. आपल्या वहीतून मुलांनी पावसाचे दिवस मोजावेत, सगळ्यात लांब खंड किती दिवसांचा पडला तो काढावा, आणि हंगामातला किती पाऊस सगळ्यात मोठ्या तीन दिवसांत पडला त्याची टक्केवारी काढावी. सरासरी गाठूनही पीक कसं जातं, हे त्या टक्केवारीत दिसतं. एका वर्षाच्या वहीने काही सिद्ध होत नाही, हेही तिथेच सांग.

आता जे सांगते ते नीट लक्षात ठेव. तुझ्या वर्गात असं एखादं लेकरू असेल ज्याचा बाप दुष्काळाच्या, कर्जाच्या वर्षात गेला. शाळा सुरू झाल्यावर जुन्या शिक्षकांना एकट्याने विचारून हे माहीत करून घे. ‘कुणाकुणाच्या घरी नुकसान झालं, हात वर करा’ असं कधी विचारू नकोस. पुराचे, वाहून गेलेल्या जनावरांचे व्हिडिओ वर्गात लावू नकोस. ‘२०५० साली सगळं संपेल’ अशी भाषा वापरू नकोस. तसं विज्ञान सांगतही नाही. भीती दाखवली की मुलं त्या तासापुरती गप्प होतात आणि विषयच टाळायला लागतात. प्रत्येक कठीण आकड्याच्या पाठोपाठ, त्याच तासात, माणसं त्यावर काय करतायत हे सांग: स्वस्त होत गेलेली सौरऊर्जा, साठ वॅटच्या बल्बच्या जागी आलेला नऊ वॅटचा एलईडी, हिवरे बाजारचा ताळेबंद.

अपराधही त्यांच्या माथी मारू नकोस. कोळसा-तेलातून निघणारा कार्बन डायऑक्साइड माणशी काढला तर भारतात वर्षाला सुमारे दोन टन पडतो, अमेरिकेत सुमारे चौदा टन. त्या दोन टनांतही शहरातल्या बंगल्याचा वाटा आणि पालावरच्या घराचा वाटा सारखा नाही. ज्या मुलीच्या घरी एक पंखा आणि एक दिवा आहे तिला ‘वीज वाचवा’ची प्रतिज्ञा म्हणायला लावणं मला कधीच पटलं नाही. तिला तिच्या हक्काचं शिकव: हवामानाचा इशारा वेळेवर मिळणं, शाळेत प्यायला पाणी असणं, ग्रामसभेत बोलता येणं.

झाडांबद्दल थोडकं सांगते. जुलैतल्या फोटोवर वृक्षारोपण मोजू नकोस, पुढच्या जूनमध्ये जगलेली झाडं मोज. दहाच लाव. लिंब, चिंच, करंज, पिंपळ, आपली झाडं. खड्डे मे महिन्यात घेऊन उन्हात तापू दे. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे ठरल्याशिवाय रोप आणू नकोस. आणि प्रकल्पवहीत दुकानातून आणलेली चित्रं चिकटवलेली स्वीकारू नकोस. दोन पानं असली तरी स्वतः मोजलेला आकडा त्यात हवा.

एकटीने हे ओढू नकोस. गणिताच्या सरांना पावसाचे आकडे दे, सांख्यिकीला त्यांना उदाहरणं लागतातच. भूगोलाच्या बाईंना मान्सूनचा धडा तुझ्या आलेखावरून घेऊ दे. मराठीच्या बाईंना सांग, पत्रलेखनात ‘सरपंचांस पत्र’ खरंखुरं लिहून घ्या: शाळेच्या छपराचं क्षेत्रफळ, हंगामातला पाऊस, वाहून गेलेलं पाणी आणि टाकीची मागणी. मुलांच्या सह्या आणि मुख्याध्यापकांचं सहपत्र घेऊन ते ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तीन मुलांनी पावसाचा आणि विहिरीचा आलेख घेऊन उभं राहावं. आधी वर्गात सराव करून घे. आलेखाचा कागद मोठा असू दे, मागच्या माणसाला दिसला पाहिजे. भाषण नको, पाठ केलेलं काही नको. आकडे सांगायचे आणि प्रश्न आले तर उत्तरं द्यायची. कुणी म्हणेल, पोरांना काय कळतं. त्याला उत्तर तू देऊ नकोस. मुलीला विचारू दे, ‘काका, तुमच्या बोअरला यंदा किती फुटांवर पाणी आहे?’ बहुधा त्यांना सांगता येणार नाही, आणि तिला मात्र शाळेच्या विहिरीचं माहीत असेल.

शेवटचं काम कार्यालयातलं आहे. पावसाची, विहिरीची आणि तापमानाची वही जाड पुठ्ठ्याची, पानांना क्रमांक असलेली घे. पहिल्या पानावर पर्जन्यमापकाची जागा, शून्याची रेघ कशी मारली ते आणि मापनाची वेळ लिहून मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का घे. डेडस्टॉक रजिस्टरला तिची नोंद कर, म्हणजे ती रद्दीत जाणार नाही. दरवर्षी मार्चमध्ये दहावीच्या दोघांनी नववीच्या दोघांना बाटलीजवळ नेऊन मापन शिकवावं आणि वहीत चौघांच्या सह्या व्हाव्यात. तुझी बदली झाली तर ती वही सोबत नेऊ नकोस. तिची झेरॉक्स काढ आणि नव्या शाळेत नवी वही घाल.